‘फरक पडला’, पण कशामुळे?

दुपारचे दीड वाजले होते, ओपीडी संपत आली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं जोडपं समोर बसलं. सोबत पाच वर्षांचा मुलगा. त्याचं आमच्यापैकी कुणाकडेच लक्ष नव्हतं. तो छताच्या पंख्याकडे टक लावून पाहत होता आणि मधूनच दोन्ही हात फडफडवत होता. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असल्याचं निदान दीड वर्षापूर्वी आमच्याच विभागात झालं होतं. शब्द अजून चार-पाचच होते.

वडिलांचं तालुक्याच्या गावी मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. त्यात एक व्हिडिओ होता. पहिल्या भागात एक मुलगा जमिनीवर लोळून रडतोय. दुसऱ्या भागात तोच मुलगा खुर्चीत बसून रंगांची नावं सांगतोय. खाली लिहिलं होतं, ‘स्टेम सेल थेरपी, तीन सत्रं’.

‘‘मॅडम, एवढंच सांगा, हे खरं आहे का? तीन लाख ऐंशी हजार सांगितलेत. हिच्या पाटल्या मोडायचं ठरवलंय. त्यांनी सांगितलंय, सहा वर्षांच्या आत केलं तरच उपयोग.’’

आईनं हळूच भर घातली, ‘‘मी दोन-तीन जणींशी फोनवर बोलले. सगळ्या म्हणाल्या, फरक पडला.’’

‘फरक पडला’ हे दोन शब्द मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. गहू-दूध बंद केल्यावर ऐकले, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनंतर ऐकले, ऑक्सिजनच्या पेटीत झोपवल्यावर ऐकले आणि आमच्याच विभागातल्या स्पीच थेरपीनंतरही ऐकले. हे सांगणाऱ्या आया खोटं बोलत नसतात. बहुतेक वेळा मूल खरोखरच बदललेलं असतं. प्रश्न एवढाच असतो की ते कशामुळे बदललं. पाटल्या मोडायच्या की नाहीत, हे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरायला हवं.

एका हार्मोनची गोष्ट

हा प्रश्न किती अवघड आहे हे समजण्यासाठी सिक्रेटिनची गोष्ट सांगते. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी सिक्रेटिन शोधलं. ते लहान आतड्यात तयार होतं आणि स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला लावतं. हार्मोन म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलंच रसायन. पुढे स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी डॉक्टर त्याचं इंजेक्शन वापरू लागले. ऑटिझमशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

१९९८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. तिघांनाही ऑटिझम होता आणि पोटाच्या तक्रारी होत्या. एंडोस्कोपी करताना तपासणीचा भाग म्हणून त्यांना सिक्रेटिन दिलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांचं पोट सुधारलंच, पण ती मुलं नजरेला नजर देऊ लागली, जास्त बोलू लागली, असं पालकांना आणि डॉक्टरांना दिसलं. ही बातमी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आली आणि पालकांची झुंबड उडाली. हजारो मुलांना ते इंजेक्शन दिलं गेलं. औषध मिळेनासं झालं, किंमत वाढली. आणि घराघरातून तेच ऐकू येऊ लागलं, फरक पडला!

मग नॉर्थ कॅरोलिनातल्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. ऑटिझम असलेली ६० मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सिक्रेटिनचं एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे पालकांना ठाऊक नव्हतं आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही नव्हतं. चार आठवडे मुलांवर लक्ष ठेवलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले.

सिक्रेटिन मिळालेली मुलं सुधारली होती. मिठाचं पाणी मिळालेली मुलंही सुधारली होती. औषधाची म्हणून वेगळी अशी सुधारणा काहीच नव्हती. नंतर असे एकूण १६ अभ्यास झाले, त्यांत ९०० हून अधिक मुलं होती, आणि सगळ्यांचा एकत्र विचार केल्यावरही उत्तर तेच आलं.

या अभ्यासातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. निष्कर्ष समजावून सांगितल्यावरही अभ्यासातल्या पालकांपैकी ६९ टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सिक्रेटिन हवंच होतं. यात हसण्यासारखं काही नाही. बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि त्यांनी तर सुधारणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. फक्त ती सुधारणा त्या बाटलीतून आलेली नव्हती.

मूल वाढतच असतं

मग मिठाच्या पाण्यावर मुलं सुधारली कशी? कारणं सोपी आहेत, पण आपल्या घरातल्या मुलाच्या बाबतीत ती लक्षात येत नाहीत.

पहिलं कारण, मूल वाढत असतं. ऑटिझम असला तरी मेंदू थांबलेला नसतो. साडेतीन वर्षांचं मूल आणि साडेचार वर्षांचं मूल यांत फरक पडणारच, काही उपचार केले नाहीत तरी. काही मुलांत तो हळूहळू दिसतो, काही मुलांत दोन महिन्यांत एकदम उडी घेतल्यासारखा.

दुसरं कारण, आपण उपचार शोधतो ते सर्वांत वाईट दिवसांत. झोप नाही, चिडचिड टोकाला गेली आहे, शाळेनं चिठ्ठी पाठवली आहे. ऑटिझमची लक्षणं कमी-जास्त होत राहतात. टोकाला गेलेली गोष्ट आपोआप थोडी खाली येतेच, आणि त्या वेळी जे औषध चालू असतं त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

तिसरं कारण, आपली नजर बदलते. मोठा खर्च करून आल्यावर आई-वडील मुलाकडे बारकाईनं पाहू लागतात. पूर्वी निसटलेल्या गोष्टी आता दिसतात. वहीत नोंद होते, नातेवाइकांना फोन जातात. ही फसवणूक नाही, हा माणसाचा स्वभाव आहे.

चौथं कारण, एका वेळी अनेक गोष्टी चालू असतात. इंजेक्शनसोबत स्पीच थेरपी, नवी शाळा, मोबाइल बंद, आजी राहायला आलेली. यातलं कशानं काम केलं?

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका चार वर्षांच्या मुलाला मोठ्या मात्रेत ब-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम लिहून दिलं होतं. त्या काळी त्याची बरीच चर्चा होती. दोन महिन्यांनी आई पेढे घेऊन आली. मुलगा हाक मारल्यावर वळून पाहू लागला होता. मी पेढा खाल्ला आणि पुढच्या पाच-सहा मुलांना तेच लिहून दिलं. त्यांच्यात काही झालं नाही. खूप नंतर बोलता बोलता त्या आईनं सांगितलं की त्याच महिन्यात मुलगा अंगणवाडीत जाऊ लागला होता, आणि तिथल्या ताई रोज त्याला मांडीवर घेऊन गाणी म्हणत. त्या जीवनसत्त्वावर झालेले अभ्यास मी नंतर शोधून वाचले. मोजके, अगदी लहान, त्यातून काहीच ठामपणे सांगता येणार नाही असे. ते औषध लिहिण्याआधी वाचायला हवे होते.

समोर बसलेल्या वडिलांना हे समजावताना मला त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण सुचलं. मी विचारलं, ‘‘एखाद्या शेतकऱ्याची पंपाची मोटर सारखी जळते. तुम्ही रिवायंडिंग करून दिलंत. त्याच दिवशी गावातली डीपी बदलली आणि व्होल्टेज नीट झालं. त्यानंतर वर्षभर मोटर जळली नाही. कशामुळे?’’ ते हसले. ‘‘नाही सांगता येणार मॅडम. त्याच डीपीवरची दुसरी मोटर बघायला लागेल.’’

त्याच डीपीवरची दुसरी मोटर. पाठ्यपुस्तकात याला तुलनेचा गट म्हणतात. त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

नजर झाकल्यावर काय दिसतं

तुलनेच्या गटासोबत आणखी एक गोष्ट लागते. निकाल पाहणाऱ्याला कुणाला काय मिळालं हे ठाऊक नसणं. तिचं महत्त्व दुसऱ्या एका प्रकरणातून कळतं.

१९९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत एक पद्धत आली. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मदतनीस धरून ठेवतो आणि मूल टंकलेखनाच्या कळांवर शब्द टाइप करतं. जे मूल कधी एक शब्द बोललं नव्हतं ते अचानक पूर्ण वाक्यं, कविता लिहू लागलं. आई-वडिलांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. शाळांमधून मदतनिसांची प्रशिक्षणं सुरू झाली.

मग संशोधकांनी एक युक्ती केली. न्यू यॉर्क राज्यातल्या एका केंद्रात १२ जणांची चाचणी घेण्यात आली. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि मदतनिसाला, मुलाच्या नकळत, कधी तेच तर कधी वेगळं. दोघांना वेगळी चित्रं दिसली तेव्हा जे टाइप झालं ते मदतनिसानं पाहिलेल्या चित्राचं नाव होतं. मुलानं पाहिलेल्या चित्राचं नाव एकदाही आलं नाही. मदतनीस फसवत नव्हते. आपलाच हात शब्द लिहितोय हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. १९९४ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं.

इथे एक खुलासा करायला हवा. चित्रांच्या कार्डांनी किंवा टॅबलेटवर मूल स्वतःच्या बोटानं, कुणी हात न धरता, ‘पाणी’ किंवा ‘नको’ सांगतं ती वेगळी गोष्ट आहे. ती उपयोगाची आहे आणि त्यामुळे बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. फरक एवढाच की तिथे शब्द मुलाचा असतो.

आपल्या दाराशी आलेलं

आता स्टेम सेलकडे येऊ. आपल्याकडे सहसा कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या मणक्यातून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते. म्हणजे मुलाला भूल, दोन सुया आणि संसर्गाचा धोका पत्करायचा. त्याच्या बदल्यात हाती काय येतं?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवर अभ्यास केला आणि २०२० साली तो प्रसिद्ध केला. तिथे नाळेतल्या रक्ताच्या पेशी शिरेतून दिल्या होत्या आणि तुलनेच्या गटाला बनावट द्रव. सहा महिन्यांनी, अभ्यास सुरू करण्यापूर्वी ठरवलेल्या मुख्य निकषावर, दोन्ही गटांत फरक नव्हता. काही मुलांच्या उपगटात थोडे आशादायक आकडे दिसले. त्यावरून पुढचं संशोधन जरूर करावं, पण त्यावरून पैसे घेऊन उपचार विकता येत नाहीत. भारतातल्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मान्यता मिळालेल्या संशोधनाबाहेर करता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीतिमत्ता मंडळानं तर ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं स्पष्ट सांगितलं.

गहू आणि दूध बंद करण्याचा सल्ला तर जवळपास प्रत्येक आईनं ऐकलेला असतो. त्यावरचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक नीटस अभ्यास फक्त १४ मुलांचा आहे, पण त्याची पद्धत चांगली आहे. सगळ्या मुलांचं गहू-दूध बंद केलं आणि मग खाऊमध्ये लपवून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, तर कधी काहीच नाही, असं दिलं. काय दिलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. वागण्यात, झोपेत, शौचात फरक दिसला नाही. गव्हाऐवजी भाकरी खाल्ल्यानं काही बिघडत नाही. पण ऑटिझमच्या अनेक मुलांचं खाणं आधीच चार-पाच पदार्थांपुरतं असतं. त्यातून दूध-दही काढलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार? सीलिअॅक हा गव्हाचा खरा आजार किंवा दुधाची अॅलर्जी तपासणीत सापडली, तर गोष्ट निराळी.

शरीरातला पारा-शिसं काढून टाकण्यासाठी दिलं जाणारं किलेशन मात्र निव्वळ निरुपयोगी म्हणून सोडून देता येत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका मुलाच्या रक्तातलं कॅल्शियम त्या औषधानं एकदम खाली गेलं आणि त्याचं हृदय बंद पडलं. ‘करून बघायला काय हरकत आहे’ या वाक्याचं उत्तर कधीकधी हे असतं.

आम्ही सांगतो त्याचं काय?

हाच नियम आम्हा डॉक्टरांना आणि थेरपिस्टनाही लावला पाहिजे. तो लावला की आमचंही सगळं चित्र लख्ख दिसत नाही.

औषधांपासून सुरुवात करते. ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारं जुनं औषध ऑटिझमवर चालेल असं छोट्या अभ्यासांतून वाटलं होतं. मग ४०० हून अधिक मुलांवर दोन मोठे अभ्यास झाले आणि २०२१ साली ते थांबवावे लागले, कारण बनावट औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. त्याच वर्षी नाकात फवारायच्या ऑक्सिटोसिनचा २९० मुलांवरचा अभ्यास आला. तिथेही फरक नाही. ऑटिझमची मूळ लक्षणं बदलणारं खात्रीचं औषध आज कुणाकडेही नाही, कुठल्याही पॅथीत नाही.

रिस्पेरिडोन हे औषध आम्ही काही मुलांना देतो, ते वेगळ्या कामासाठी. स्वतःला चावणं, डोकं आपटणं, टोकाचा राग यांसाठी. २००२ सालच्या १०१ मुलांच्या अभ्यासात आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या ६९ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा होती, बनावट गोळी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांत. पण त्याच आठ आठवड्यांत वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं, दुसऱ्या गटात ०.८ किलोनं. भरवशाचा पुरावा असा दिसतो. फायदा कशात, किती, आणि त्याची किंमत काय, हे तिन्ही त्यात असतं. ‘बोलायला लागेल’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता थेरपी. १९८७ साली लोवास यांचा अभ्यास गाजला. आठवड्याला ४० तास वर्तनाचं प्रशिक्षण मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं पहिलीत इतर मुलांसारखी शिकू लागली, असं त्यात होतं. आजही जाहिरातींत याचे आकडे झळकतात. पण त्यात गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षेचाही वापर होता, जो आज कुणी समर्थनीय मानणार नाही. २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लहान मुलांच्या थेरपींवरचे २५२ अभ्यास, १३,३०४ मुलं, यांचा एकत्र आढावा आला. दुबळे अभ्यास बाजूला काढल्यावर बरेचसे दावे गळून पडले. त्यातल्या त्यात भक्कम उरलं ते मुलाच्या आवडीच्या खेळातून, रोजच्या व्यवहारातून संवाद वाढवणाऱ्या पद्धतींचं काम.

याच जातीतला एक अभ्यास आपल्या शेजारी झाला आहे. गोव्यातली ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून २ ते ९ वर्षांची ६५ मुलं त्यात होती. तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांना मुलाशी खेळताना चित्रित करत आणि तो व्हिडिओ त्यांच्यासोबत पाहत. मूल काय पाहतंय, तुम्ही कधी थांबायला हवं होतं, इथे त्याला उत्तर द्यायला वेळ मिळाला का, असं बोलणं होई. २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त निष्कर्ष आले. व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. पालकांचं मुलाच्या कलानं घेणं वाढलं, मूल स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी झाला. संशोधकांनी हेही लपवलं नाही, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

चमत्कार यात नाही. फायदा माफक आहे, खर्च कमी आहे आणि मुलाला सुई टोचावी लागत नाही.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

उपचार अॅलोपॅथीचा असो, आयुर्वेदाचा, होमिओपॅथीचा की परदेशी यंत्राचा, पुढचे प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

१. ज्यांना हा उपचार दिला नाही अशा मुलांशी तुलना केली आहे का? फक्त ‘आमच्याकडे इतकी मुलं सुधारली’ हे उत्तर नव्हे.

२. सुधारणा कुणी मोजली? उपचार विकणाऱ्यानं, की कुणाला काय मिळालं हे माहीत नसलेल्या माणसानं?

३. नेमकं काय सुधारेल? ‘मेंदू अॅक्टिव्ह होईल’ हे उत्तर नाही. मेंदूच्या स्कॅनचे रंग बदलले हेही नाही. मूल स्वतःहून पाणी मागेल, रात्री सहा तास झोपेल, चड्डी स्वतः घालेल, असं काहीतरी हवं.

४. धोके कोणते, आणि किती मुलांना त्रास झाला? ‘काहीच साइड इफेक्ट नाही’ याचा अर्थ बहुधा कुणी मोजलेलेच नाहीत.

५. हे संशोधन असेल तर पैसे कशाचे? संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. त्याची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर असते, ती कुणालाही पाहता येते. नोंद असणं म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नाही, पण नोंदच नसेल तर तिथून उठावं.

आणि घाई करणाऱ्यापासून सावध राहावं. लवकर सुरुवात करणं चांगलंच, पण सहाव्या वाढदिवशी मेंदूचं दार बंद होत नाही. ‘ऑफर या महिन्यापुरती’ हे साडीच्या दुकानात ठीक आहे.

तोपर्यंत करायचं काय? जिल्हा रुग्णालयांमध्ये लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी डीईआयसी केंद्रं आहेत, तिथे नाव नोंदवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ऐकू येतं का, फिट्स येतात का, झोप आणि पोट कसं आहे, हे तपासून घ्या. यांवर उपचार आहेत आणि ते झाले की मूल आणि घर दोन्ही हलकं होतं. ऑटिझम हा नाहीसा करायचा रोग नाही. तो त्या मुलाच्या घडणीचा भाग आहे. त्याचं जगणं सोपं करायचं, हे आपलं काम.

ते वडील

मी हे पाच प्रश्न कागदावर लिहून दिले आणि सांगितलं, ‘‘निर्णय तुमचा. पण आधी त्यांना हे विचारा.’’

महिन्याभरानं ते दोघं पुन्हा आले. आईच्या हातात पाटल्या होत्या. वडील म्हणाले, ‘‘चौथ्या प्रश्नापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. पाचवा विचारला तर म्हणाले, इतका विचार करत बसलात तर वय निघून जाईल पोराचं. तिथेच मला कळलं.’’ आता आई दर पंधरा दिवसांनी आमच्या थेरपिस्टकडे येते, खेळण्याचा व्हिडिओ दाखवते, दोन नव्या गोष्टी शिकून जाते. एसटीनं यायला चार तास लागतात.

गेल्या महिन्यात तिनं सांगितलं की मुलगा पाण्याच्या चित्राचं कार्ड स्वतः उचलून तिच्या हातात देतो. ‘‘मॅडम, फरक पडला!’’ ती म्हणाली. मला फार आनंद झाला. पण तो आमच्या थेरपीनं पडला की सहा महिन्यांनी मोठा झाल्यामुळे, हे एका मुलावरून मला सांगता येणार नाही. मी तिला तसंच सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ‘‘असू दे की. पाणी तर मागायला लागला.’’